आखूड पायाची खुर्ची

मित्रांनो, मला पाय चार आहेत, पण जमिनीला नीट टेकतात ते तीनच. मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे. मध्यंतरी माझ्या पाठीचा हिरवा रंग उडाला होता आणि बिजागरीला गंज चढला होता. माझ्यावर कधी कोणी नवरदेव बसला नाही की पाहुणा बसला नाही. कितीतरी वर्षे जी माणसे बसली, त्यांच्या शेजारी बसायला तुम्ही घाबरला असता. तरीही माझी हकिकत ऐका. ती वाटते तितकी भीतीची नाही.

माझा जन्म नाशिकला, द्वारका चौकामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. निसारभाई नावाचे कारागीर तिथे लोखंडी नळ्या वाकवून खुर्च्या बनवत. एका मंडपवाल्याने लग्नसराईसाठी शंभर खुर्च्या मागितल्या होत्या, त्यांतली मी एक. घाईत माझा मागचा डावा पाय करंगळीच्या पेराएवढा आखूड कापला गेला. मंडपवाल्याने मला हलवून पाहिले आणि बाजूला काढले. माझ्या नव्व्याण्णव बहिणी टेम्पोत बसून लग्नाला गेल्या. मी शेडच्या दाराशी राहिले. निसारभाई माझ्यावर चहाचे ग्लास ठेवत, तेही सांडत.

एके दिवशी सुती साडी नेसलेल्या, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई आल्या. त्यांचे नाव सरोजिनीबाई.

"घडीची खुर्ची हवी आहे. रिक्षात मावेल अशी. एकच."

"एकच?" निसारभाई हसले. "मॅडम, एका खुर्चीत कुठला कार्यक्रम होतो?"

"माझा होतो."

त्यांचा हात माझ्यावर पडला तसे निसारभाई घाईने म्हणाले, "ती नका घेऊ. लंगडी हाये ती. मंडपवाल्यानं वापस केलेली."

सरोजिनीबाई माझ्यावर बसल्या. मी नेहमीप्रमाणे डुगडुगले. मला फार लाज वाटली. त्या मात्र उठल्या, मला मिटले आणि काखेत घेऊन म्हणाल्या, "हिलाच नेते. शंभरातून बाजूला काढलेल्यांशीच माझं काम असतं."

सरोजिनीबाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. सुट्टीच्या दिवशी त्या तुरुंगात जात आणि एकाहून अधिक माणसांचा जीव घेतलेल्या कैद्यांशी बोलत. माणूस इथपर्यंत कसा पोचतो, हे त्यांना समजून घ्यायचे होते. कधी पोलीसही त्यांच्याकडे येत. एखाद्या गुन्हेगाराला कोणी पाहिलेले नसते. पण त्याने मागे काय ठेवले, काय नेले, कोणती वेळ निवडली, यावरून तो कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. सरोजिनीबाई त्याला मानसचित्र म्हणत. ओल्या मातीतले खूर पाहून गुराखी जसा सांगतो की इथून गेलेली गाय थकलेली होती, तसेच हे. "पण खूर म्हणजे गाय नव्हे," असे त्या विद्यार्थ्यांना बजावत. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्या स्वतःच ते एकदा विसरल्या.

तुम्ही विचाराल, या कामात माझा काय उपयोग? तुरुंगातल्या त्या खोलीत एक टेबल आणि एकच खुर्ची असे. साहेब खुर्चीत बसत आणि कैदी समोर जमिनीवर उकिडवा. ती तिथली रीतच होती. उकिडवा बसलेला माणूस 'होय साहेब' आणि 'नाही साहेब' याखेरीज काही बोलत नाही, हे सरोजिनीबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखले. म्हणून दुसरी खुर्ची त्या घरून नेऊ लागल्या. ती दुसरी खुर्ची म्हणजे मी.

"बाई, याला खुर्ची?" पहारेकरी चकित झाला. "अहो, तिघांना संपवलंय यानं."

"म्हणूनच. खूप बोलायचंय आम्हाला. तेवढा वेळ खाली बघत राहिले तर मान धरेल माझी."

त्या माणसांनी काय केले होते ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते सरोजिनीबाईंच्या वह्यांत आहे, तिथेच असू द्या. मला ठाऊक आहे ते त्यांचे बसणे. त्यांचे वजन इतर माणसांएवढेच होते. एकजण दर वेळी बसण्याआधी मला हाताने झटकून घ्यायचा, जसे घरी आईने शिकवले असेल. दुसरा माझ्या कडेखालची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचा आणि लहानपणीची मारझोड सांगायचा. सरोजिनीबाई ऐकत. त्यांनी कोणाची पाठ थोपटली नाही आणि कोणाला शिव्याही दिल्या नाहीत.

सुरुवातीला मला माझ्या डुगडुगण्याचा गर्व होता. मला वाटे, मी हलले की समोरचा खोटे बोलतो आहे. हळूहळू माझा गर्व उतरला. सराईत खोटारडे माझ्यावर दगडासारखे स्थिर बसत. खरे बोलणारेच कितीदा थरथरत, कारण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवेल अशी त्यांना आशा नसे. डुगडुग म्हणजे खोटेपणा नव्हे. डुगडुग म्हणजे भीती. एवढे एक शहाणपण मी माझ्या आखूड पायावर मिळवले.

मग ते वर्ष आले. बारा वर्षे झाली त्याला. पाच महिन्यांत नाशकात तीन म्हाताऱ्या बायका आपापल्या घरात मारल्या गेल्या. तिघी एकट्या राहत, मुले परगावी. दार फोडलेले नव्हते, काही चोरीला गेले नव्हते. म्हणजे दार त्यांनीच उघडले होते. शहर घाबरून गेले. मुले रोज दोनदा फोन करून विचारू लागली, "आई, दार लावलंस ना?"

इन्स्पेक्टर जयराम पिंगळे सरोजिनीबाईंकडे आले. त्यांच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. "बाई, वरून फोनवर फोन. काहीतरी लिहून द्या. कुठला माणूस शोधू?"

सरोजिनीबाईंनी पानभर मानसचित्र लिहून दिले. पुरुष, तीस ते चाळीस वयाचा. इमारतींमध्ये सहज ये-जा करणारा. कमी बोलणारा. एकटा राहणारा, घरदार नसलेला.

आठ दिवसांत पोलिसांना तंतोतंत तसा माणूस सापडला. त्याचे नाव काळू. मनमाडच्या स्टेशनावर वाढलेला, आई-बाप ठाऊक नाहीत. तो तीन-चार इमारतींमधल्या गाड्या पुसायचा, म्हाताऱ्यांचे किराणा सामान वर पोचवायचा आणि एका इमारतीच्या पंपाच्या खोलीत झोपायचा. मारल्या गेलेल्यांपैकी दोघींच्या घरी त्याचे जाणे-येणे होते. बातमी छापून आली. शहराने सुटकेचा श्वास सोडला. कॉलेजात सरोजिनीबाईंचा सत्कार ठरला. त्या म्हणाल्या, "आधी मला त्याला भेटू द्या."

आम्ही रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो. काळू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. सरोजिनीबाईंनी मला उघडले.

"वर बस."

"नको बाई. इथंच ठीक हाय."

"माझी मान दुखते रे."

तो बसला, पण अगदी कडेवर. सगळा भार त्याने स्वतःच्या पायांवर ठेवला होता. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर बसूनही न बसलेला तो पहिला माणूस. एवढे करूनही मी एकसारखी थरथरत होते. तो एकच वाक्य परत परत बोलत होता, "मी नाय केलं. मी फकस्त पिशव्या नेऊन द्यायचो."

संध्याकाळी घरी आल्यावर सरोजिनीबाईंनी जेवणाच्या टेबलावर पोलिसांकडचे फोटो मांडले आणि मला रिकामीच समोर ठेवले. ही त्यांची कामाची पद्धत होती. न पाहिलेल्या माणसाला त्या माझ्यावर बसवून पाहत. पण त्या संध्याकाळी माझ्यावर काळू काही बसेना. त्या फोटो उचलत, माझ्याकडे पाहत आणि मान हलवत. मग त्यांना तिन्ही फोटोंत एक गोष्ट दिसली. उशाशी एक छोटी वाटी आणि चमचा. पोलिसांनी खाली लिहिले होते, 'औषधाची असावी.' सरोजिनीबाईंनी भिंग आणले. तिन्ही वाट्यांत पाण्यावर एक हिरवे पान होते.

त्यांनी पिंगळ्यांना फोन लावला. "तिसऱ्या घरी, त्या निवृत्त नर्सबाईंच्या घरी तुळस होती का?"

"तुळस? बाई, त्या दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. त्यांच्याकडं तुळस कशी असंल?"

"मग त्यांच्या उशाशी तुळशीचं पान कुठून आलं?"

"उद्या सकाळी ठाण्यात या, बाई," पिंगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत ठाण्यात. काळू पुन्हा कडेवर बसला, मी पुन्हा थरथरू लागले. सरोजिनीबाईंनी विचारले, "काळू, माणूस जायला टेकलं की त्याच्या तोंडात काय घालतात?"

"कुठं जायला?"

"मरायला टेकलं की. तुमच्यात काय करतात?"

त्याने खूप विचार केला. त्याला खरेच उत्तर द्यायचे होते. "मला नाय म्हाईत बाई. आमच्यात कोन मेलंच नाय." मग थांबून म्हणाला, "आमच्यात कोन नव्हतंच ना."

सरोजिनीबाईंनी टेबलावरच्या फायलीतून स्वतः लिहिलेल्या मानसचित्राचे पान काढले. त्याची एक घडी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. त्या खाली वाकल्या आणि ती घडी माझ्या आखूड पायाखाली सरकवली. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी चारी पायांवर उभी राहिले.

"बाई, ते आपल्या फायलीतलं पान हाय," पिंगळे म्हणाले.

"त्याचा एवढाच उपयोग आहे आता." त्या सरळ झाल्या. "जयरामराव, चूक माझी आहे. हे ज्यानं केलंय, त्यानं आपल्या माणसाच्या उशाशी बसून शेवटचं पाणी पाजलंय. ते त्याच्या हाताला माहीत आहे. त्याला घर आहे, तुळस आहे. मी वाचली ती पुस्तकं दुसऱ्या देशांतली, तिथला असा माणूस एकटा राहतो. आपल्याकडे तो संध्याकाळी घरी येतो, हातपाय धुतो आणि जेवायला बसतो. मी मात्र शहरातला सगळ्यात एकटा माणूस तुमच्या हातात दिला."

"पण पेपरात छापून आलं, बाई. तुमचा सत्कार..."

"चुकलेल्या बाईचा कोणी सत्कार करतं का? आणि छापून आलेलं परत छापून येतं."

पंधरा दिवसांत खरा माणूस सापडला. तो पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचा. तिन्ही घरांतल्या दुरुस्तीच्या कागदांवर त्याचीच सही होती. त्याला बायको होती, दोन मुले होती, गल्लीत चांगले नाव होते. अंथरुणाला खिळलेल्या आईची त्याने सहा वर्षे सेवा केली होती. ती गेली आणि त्याच्या मनात काहीतरी भयंकर उलटेपालटे झाले. त्याने गुन्हा कबूल केला, त्याला शिक्षा झाली. पुढे तोही माझ्यावर बसला. अगदी स्थिर बसला.

काळू सुटला. पण त्याला कोणी गाडी पुसू देईना. "सुटला म्हणून काय झालं?" लोक म्हणत. सरोजिनीबाईंनी आपल्या इमारतीखाली त्याला इस्त्रीचे टेबल टाकून दिले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच्या साड्या नेऊन दिल्या. बायका गॅलरीतून पाहत राहिल्या. दोन महिन्यांनी एकीने चादरी पाठवल्या. वर्षभरात काळूला मान वर करायला फुरसत उरली नाही. रोज दुपारी चार वाजता तो कपडे द्यायला वर येई. पण दाराच्या आत कधी आला नाही. सरोजिनीबाई म्हणत, "बस रे घटकाभर," आणि तो म्हणे, "इस्त्री गरम हाय बाई."

वर्षे गेली. सरोजिनीबाईंचे गुडघे दुखू लागले, तुरुंगात जाणे थांबले. माझी रवानगी गॅलरीत झाली. तिथे तुळशीच्या कुंडीशेजारी मिटून उभी राहायचे, एवढेच माझे काम. पावसाने मला गंज चढवला, कबुतरांनी रंगवले. कामाला येणाऱ्या लताबाई माझ्यावर ओली फडकी वाळत घालत. मला वाटे, माझे संपले.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. गॅलरीचे दार धाडकन उघडले आणि घरातून काळू गॅलरीत आला. बारा वर्षांत उंबरा न ओलांडलेला काळू! त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आतून सरोजिनीबाईंचा थकलेला आवाज आला, "आण रे. एक पान."

"नको बाई. गाडी येतीय ना दवाखान्याची. मी नाय तोडणार."

"आण. या वेळी साक्षीला मी आहे."

एका पानाऐवजी त्याच्या हातून अख्खी डहाळी तुटली.

ती साक्षीदार, माझ्या सरोजिनीबाई, अर्ध्या तासात गेल्या. हृदय थांबले, असे डॉक्टरांनी लिहिले. दवाखान्याच्या गाडीला फोन सरोजिनीबाईंच्या मोबाइलवरून गेला होता, म्हणून सगळ्यांना वाटले तो त्यांनीच केला. काळू कोणाशी काही बोलला नाही. पण उशाशी एक वाटी राहिली, चमचा राहिला आणि पाण्यावर तुळशीचे पान.

त्यांची एकुलती एक मुलगी मृण्मयी बंगळुरूहून रात्रीच्या विमानाने आली. तिने ती वाटी पाहिली. आईची ती जुनी हकिकत तिला तोंडपाठ होती. विचार करा, मित्रांनो, तिच्या मनात काय आले असेल. तिने वाटी कोणाला धुऊ दिली नाही. तेरा दिवस ती लोकांना नमस्कार करत राहिली आणि तेरा दिवस एकच प्रश्न तिला खात राहिला. आई एकटी होती की तिच्याजवळ कोणी होते? आणि होते, तर कोण? चौदाव्या दिवशी सकाळी तिने पोलिसांना द्यायचा अर्ज लिहिला. आईजवळ कोणी अनोळखी आले होते का याची चौकशी व्हावी, असे त्यात लिहिले होते. मी गॅलरीतून सगळे पाहत होते. मला सगळे ठाऊक होते. पण खुर्चीला वाचा कुठली?

सामान बरेचसे गेले होते. लताबाई मला घेऊन दाराकडे निघाल्या. "ताई, ही भंगारात देऊ का? हिच्यावर बसलं की माणूस झोके खातं."

दारात काळू उभा होता. हातात इस्त्री केलेल्या दोन सुती साड्या. "बाईंच्या राहिल्या होत्या माझ्याकडं," तो म्हणाला आणि उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

मृण्मयीने त्याच्याकडे पाहिले. अर्ज तिच्या हातातच होता. "काळूदादा, त्या दिवशी कपडे द्यायला आला होतात का?"

तो हातातल्या साड्यांच्या घड्या नीट करत राहिला. मी म्हटले, आता संपले. भ्यालेला माणूस गप्प बसतो आणि गप्प बसलेला माणूस लोकांना गुन्हेगार दिसतो. मी हे फार वेळा पाहिले होते.

मग मृण्मयीने लताबाईंच्या हातून मला घेतले. बिजागरी कुरकुरली, पण उघडली. तिने मला खोलीच्या मध्यावर ठेवले आणि स्वतः समोरच्या पलंगावर बसली. "आत या. वर बसा. असं खाली बघून बोलता येत नाही मला."

आवाज तिचा होता, पण वाक्य मला ओळखीचे वाटले.

काळूने मला ओळखले. क्षणभर तो मागे सरला. मग आला आणि कडेवर बसला. मी थरथरू लागले.

"मीच होतो ताई," तो म्हणाला. "कपडे घेऊन आलो तर दार उघडं, बाई पलंगावर, घामानं भिजलेल्या. शेजारी हाका मारल्या, कोनी नाय. त्यांच्याच फोनवरनं गाडी बोलावली. मग त्या पानी मागाय लागल्या. तुळस बी त्यांनीच मागितली. मी नको म्हनलो, लय वेळा नको म्हनलो."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"काय सांगू? एकटी म्हातारी बाई, उशाला वाटी, वाटीत तुळस, आन् जवळ काळू. मागच्या टायमाला यातलं निम्मंबी नव्हतं, तरी नेला होता मला." त्याने डोळे पुसले. "पन बाईंनी निरोप दिलेला. त्यो पोटात घेऊन रोज इस्त्री करतोय. झोप नाय लागत. म्हनलं, नेलं तर नेलं."

"काय निरोप?"

"म्हनाल्या, मृणूला सांग, मी एकटी नव्हते."

 लताबाईंनी पदर तोंडाला लावला. मी मेली मात्र डुगडुगतच होते, टक टक, टक टक.

मृण्मयीने माझ्या पायाकडे पाहिले. हातातल्या अर्जाची एक घडी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. ती खाली वाकली आणि ती घडी माझ्या आखूड पायाखाली सरकवली. बारा वर्षांपूर्वीचे ते पान तिने कधी पाहिलेले नव्हते.

"नीट बसा, दादा," ती म्हणाली. "लताबाई, चहा ठेवता का? तिघांचा."

काळू मागे टेकला. पहिल्यांदा त्याचा सगळा भार माझ्यावर आला. मी तुम्हाला खरे सांगते, त्याचे वजन इतर माणसांएवढेच होते.

आता मी इमारतीखाली असते, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. मृण्मयीने मला हिरवा रंग लावून घेतला आणि गंजलेली बिजागरी बदलली. कपडे घ्यायला आलेली माणसे माझ्यावर बसतात, काळूशी गप्पा मारतात. मृण्मयी बंगळुरूहून आली की त्याला माझ्यावर बसवते आणि आई काय काय बोलायची ते विचारते. निसारभाईंकडून आखूड पायाला रबरी टोपण बसवून आणू, असे काळू म्हणाला होता. ती नको म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरात एक खुर्ची जास्तीची असू द्या, आणि ती दाराबाहेर बसलेल्यासाठी उघडा. ती डुगडुगली, तर बसलेल्या माणसावर संशय घेण्याआधी जरा खाली वाकून तिच्या पायाकडे पाहा.